फुलीच्या आधीचे कोरे चौकोन

दिवाळीच्या साफसफाईत फडताळातले डबे खाली काढले, तेव्हा फळीवर अंथरलेलं एक जुनं कॅलेंडर हाती आलं. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि दर महिन्याला एक बारीक फुली. आईच्या पाळीची. फुलीच्या आधीच्या आठवड्यात आई कशी असायची, हे मात्र त्यावर कुठेच नाही. आजी तेवढे दिवस आम्हा मुलांना सांगायची, "तिच्या वाटेला जाऊ नका."

पाळीआधी थोडी चिडचिड होणं, अंग जड वाटणं बहुतेक बायकांच्या ओळखीचं असतं. पण शंभरातल्या काही जणींचं तेवढ्यावर भागत नाही. आठ-दहा दिवस राग आवरत नाही, रडू थांबत नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही; आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत मळभ सरतं. या आजाराचं नाव प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पीएमडीडी. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ साली तो परिशिष्टात होता. स्वतंत्र आजार म्हणून मुख्य यादीत यायला २०१३ उजाडलं.

अशी बाई डॉक्टरकडे गेली की हार्मोनच्या तपासण्या होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, "बघ, काहीच नाहीये तुला." रिपोर्ट खरे असतात आणि त्रासही खरा असतो. हे कसं, ते पीटर श्मिट आणि डेव्हिड रुबिनोव यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दाखवलं. ल्युप्रोलाइड नावाच्या इंजेक्शनने त्यांनी अंडाशयांचं काम तात्पुरतं थांबवलं. त्रास असलेल्यांपैकी कितीतरी जणींना आराम पडला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं, तर त्रास परतला. ज्यांना मुळात त्रास नव्हता त्यांनाही तेच दिलं. त्यांच्या मनःस्थितीत काही फरक पडला नाही. हार्मोन तेच, प्रमाणही सारखंच. वेगळा होता तो त्या हार्मोनना मिळणारा मेंदूचा प्रतिसाद. याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं की हार्मोन एका पातळीवर स्थिर ठेवलं तर काही आठवड्यांत त्रास ओसरतो. झोंबतो तो बदल.

असं का होतं, याचा एक धागा असा: प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन तयार होतं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवर ते काम करतं. बहुतेकींना त्याने स्वस्थ वाटतं; काहींच्या मेंदूत मात्र ते उलट अस्वस्थता वाढवतं, असं संशोधकांचं मत आहे. दुसरा धागा सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी पीएमडीडी असलेल्या बायकांच्या मेंदूचं पेट स्कॅनिंग केलं आणि २०२३ साली निष्कर्ष मांडले. पेशींबाहेरचं सेरोटोनिन पुन्हा आत ओढून घेणारी प्रथिनं त्यांच्या मध्यमेंदूत पाळीआधी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी नैराश्यात गुण यायला काही आठवडे लागतात. इथे बहुधा काही दिवसांतच फरक दिसतो. म्हणून कित्येकींना त्या फक्त पाळीआधीचे पंधरा दिवस देऊनही चालतं. अर्थात डॉक्टरांनी सांगितलं तरच.

एक गोष्ट मला फार तळमळीने सांगायची आहे. पाळीचा कसलाही त्रास असला की आपल्याकडे "पिशवी काढून टाक" हा सल्ला सहज दिला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचलं. पीएमडीडीत नुसती पिशवी काढून आजार जात नाही. रक्तस्राव बंद होतो, पण अंडाशयं जागेवर असतात, हार्मोनचं चक्र फिरत राहतं. जाते ती फक्त तारीख कळण्याची खूण.

आणि तारीखच तर इथे सगळ्यात मोलाची. हा आजार रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये पकडता येत नाही. निदानासाठी सलग दोन पाळ्यांपर्यंत रोजच्या रोज लिहावं लागतं: झोप, राग, रडू, भीती, कामात लक्ष. आठवून सांगितलेलं पुरत नाही, कारण स्मृती दगा देते. पाळीनंतरच्या आठवड्यातही मन तितकंच खिन्न असेल, तर ते सतत राहणारं नैराश्य असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळ्या तऱ्हेने ठरतात. म्हणून नुसती फुली मारू नका. रोज झोपताना त्या दिवसाच्या चौकोनात या प्रत्येक गोष्टीचा त्रास शून्य (अजिबात नाही) ते पाच (फार) यातल्या एका आकड्यात लिहा आणि तो कागद घेऊनच डॉक्टरकडे जा. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र दोन महिने नोंदी करत थांबू नका, पाळी येण्याचीही वाट बघू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.