बोलतात, तरीही 'मूक'च?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. ज्यांना त्यांनी मूक म्हटले त्या माणसांना वाचा नव्हती काय? चांगली होती. गावकुसाबाहेरचा माणूस बोलत होता, भांडत होता, सरकारदरबारी अर्ज करीत होता. ऐकून घेणारे कोणी नव्हते. माणसाला मूक करतो तो न ऐकणारा, हे बाबासाहेबांनी त्या एका नावातच सांगून टाकले होते. या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजात, आपल्याच घरात एखादे बहिरे मूल जन्मले की त्याला मात्र आपण बिनदिक्कत 'मुके' म्हणून मोकळे होतो! शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर', सोयरीक जुळवताना 'पोरगी मुकी आहे हो'. पोरगी समोर उभी राहून बोलत असते, तरीसुद्धा.

वास्तविक बहुतेक बहिऱ्या माणसांचा घसा, जीभ, स्वरतंतू सारे शाबूत असते. स्वतःचा आवाज कानावर पडत नाही म्हणून तो घडवायला कठीण जाते, एवढेच. यांतले कितीतरी लोक तोंडाने बोलतात आणि हातांनीही बोलतात. घरी आईशी मराठीत, मित्रमंडळींत भारतीय सांकेतिक भाषेत. २०११ च्या जनगणनेने ऐकण्याचे अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७१ हजार आणि वाचेचे अपंगत्व असलेले सुमारे १९ लाख ९८ हजार लोक वेगवेगळ्या रकान्यांत मोजले. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानेही बहिरेपण आणि वाचादोष हे दोन वेगळे प्रकार मानले. कायद्याला जे कळले ते लोकांच्या जिभेवर मात्र अजून आलेले नाही.

हे दोन्ही भाषांचे लोक येतात कुठून? काही थोडेफार ऐकू येणारे असतात, यंत्राच्या आधाराने बोलायला शिकलेले. काहींना शाळेत वर्षानुवर्षे उच्चार गिरवायला लावलेले असतात आणि खुणांची भाषा पुढे वसतिगृहात दोस्तांकडून मिळते. आणि काही मोठेपणी बहिरे झालेले. क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारखी इंजेक्शने कानाच्या आतल्या पेशींना कायमची इजा करू शकतात. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयासाठी अशी इंजेक्शने महिनोन्‌महिने टोचली जात. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन वगळण्यास सांगितले, पण ज्यांचे कान त्याआधी गेले ते गेले. क्षय कोणत्या वस्तीत मुक्काम ठोकतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. असा माणूस अस्खलित बोलतो, पण समोरच्याचे एक अक्षर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

इथेच खरी गोची आहे. नोकरीच्या मुलाखतीत मुलीने दोन वाक्ये नीट उच्चारली की साहेब म्हणतात, "अहो, ही तर छान बोलते, हिला दुभाषी कशाला?" बोलणे बाहेर जाते, आत काही येत नाही, हे साहेबांच्या ध्यानात येत नाही. मग सांगतात, ओठ वाचा. ओठ वाचणे म्हणजे काय गंमत वाटली? प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. 'पाल', 'बाल', 'माल' यांत डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. क, ख, ग, घ तर घशाच्या अंगाला उमटतात, बाहेरून कळतच नाहीत. त्यात साहेब फायलीत मान घालून बोलणारे, मिशा ओठांवर आलेल्या, तोंडात पान! उरलेले सारे अंदाजाने भरून काढायचे. २०२० साली मास्क आले आणि तेवढाही आधार गेला. दिवसभर असे ओठ वाचून संध्याकाळी माणूस किती थकतो, याचा हिशेब कोणत्याही हजेरीपटावर नसतो.

म्हणजे अजिबात बोलत नाही तो 'बिचारा', आणि बोलतो तो 'ढोंगी'. दोघांनाही हक्काचा दुभाषी नाही.

त्यातही हे बोलणे ऐकणाऱ्यांच्या पसंतीचे हवे. बहिऱ्या माणसाचा आवाज कधी नाकातून येतो, कधी नको तिथे चढतो. वर्गातली पोरे नक्कल करतात, बसमधले लोक वळून पाहतात. 'आनि-पानि' म्हटल्याबद्दल ज्यांच्या आज्या-आजोबांना शाळेत हसू झाले, त्यांना हा अपमान समजावून द्यावा लागणार नाही. काय बोललास ते बाजूला, शुद्ध बोललास का हा पहिला प्रश्न! जिभेला लावलेली ही सोवळ्या-ओवळ्याची कसोटी आहे, आणि बहिऱ्यांच्या वाट्याला ती फार जुन्या काळापासून आली आहे.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून ज्यांना वगळले त्यांच्या यादीत जन्मांध आहेत, जन्मबधिर आहेत, मुकेही आहेत. त्यांना पोसावे, पण वाटा देऊ नये, असा तो न्याय. आमचे लोक मनुस्मृतीला शूद्र आणि स्त्री यांच्या गुलामीचा ग्रंथ म्हणून ओळखतात. त्यात बहिऱ्याचीही जमीन गिळलेली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, वारसाहक्कातील ही अपात्रता बऱ्याच अंशी दूर करणारा कायदा झाला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग, व्यंग वा विकृतीवरून वारसा नाकारण्याची वाट बंद केली. हा रोग एकट्या मनूचा होता असेही नाही. जस्टिनियनच्या रोमन कायद्यात जन्मापासून बहिरा आणि मुका असलेल्याला मृत्युपत्र करता येत नसे. पुढे बहिरा झालेला, पण लिहू शकणारा, त्याला करता येई. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात पेद्रो पोन्से दे लेओन नावाच्या साधूने सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवले, ते युरोपात गाजले. सरदारांच्या मुलांना बोलते करणारा गुरू मिळाला, शेतमजुराच्या बहिऱ्या पोराला कोण मिळणार?

मग आले १८८० साल. इटलीतील मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिने ठराव केला की शिक्षण तोंडी भाषेतूनच द्यावे, खुणा बंद. १६४ प्रतिनिधींत बहिरा प्रतिनिधी किती? एक! अमेरिकेचे जेम्स डेनिसन. ज्यांचा प्रश्न त्यांनाच मत नाही. अस्पृश्यांचा प्रतिनिधी अस्पृश्यच हवा, हे १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेब का ठणकावून सांगत होते, हे मिलानकडे पाहून अधिक स्पष्ट होते. त्या ठरावानंतर अनेक देशांतील शाळांतून बहिरे शिक्षक गेले, मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. दूरध्वनीचा शोध लावणारे ग्रॅहम बेल हे या तोंडीवादाचे मोठे पुरस्कर्ते. त्यांची आई बहिरी, पत्नीही बहिरी, पण बहिऱ्यांनी आपसात लग्ने करू नयेत असे त्यांचे मत! मिलानचे ते ठराव त्याच परिषदेने २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हरला खेद व्यक्त करून नाकारले. तब्बल १३० वर्षांनी.

आपल्याकडच्या बहुतेक शाळाही त्याच वाटेने चालल्या. आजही तालुक्याच्या गावी आईबापांना सल्ला मिळतो, "खुणा शिकवू नका, नाहीतर पोर बोलणार नाही." खुणा शिकल्याने बोलणे खुंटते याला काही आधार नाही. उलट पहिल्या चार-पाच वर्षांत ज्या मुलाला एक पक्की भाषा मिळते, मग ती हातांची का असेना, त्याला दुसरी भाषा शिकणे सोपे जाते. ती वर्षे भाषेविना गेली तर पुढे भरून निघणे फार कठीण. कॉक्लियर इम्प्लांटची लाखो रुपयांची शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून होते, हे चांगलेच आहे. पण नंतर त्या यंत्राच्या बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती आणि शहरातल्या वाचा-उपचाराच्या खेपा रोजंदारीवरच्या आईबापांना झेपत नाहीत. यंत्र बंद पडते, पेटीत जाते. तोवर खुणांची भाषाही शिकवलेली नसते! पोर दोन्हीकडून कोरडे.

इतके सोसल्यावर बहिऱ्यांच्या समाजात बोलणाऱ्या बहिऱ्याकडे कधी कधी संशयाने पाहिले जाते, यात आम्हाला नवल वाटत नाही. वॉशिंग्टनमधील गॅलोडेट हे १८६४ साली सुरू झालेले बहिऱ्यांचे विद्यापीठ. १२४ वर्षे तिथला एकही अध्यक्ष बहिरा नव्हता. मार्च १९८८ मध्ये पुन्हा ऐकू येणारी व्यक्ती नेमली गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठच बंद पाडले आणि आठवडाभरात आय. किंग जॉर्डन पहिले बहिरे अध्यक्ष झाले. हे जॉर्डन एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात बहिरे झालेले. तोंडानेही बोलणारे, खुणांनीही बोलणारे. २००६ साली त्यांच्या जागी जेन फर्नांडिस यांची निवड झाली. त्या बोलण्यावर वाढलेल्या, सांकेतिक भाषा विशीत शिकलेल्या. पुन्हा आंदोलन पेटले, शंभरावर लोकांना अटक झाली, शेवटी निवड रद्द झाली. आपण 'पुरेशा बहिऱ्या' नाही म्हणून विरोध होतो, असे त्यांचे म्हणणे. निवडीची रीत आणि कारभार हा मुद्दा आहे, असे आंदोलकांचे म्हणणे. आमच्या मते आंदोलकांची तक्रार पोकळ नव्हती. पण 'पुरेसा बहिरा' हा शब्दप्रयोग जगभर फिरला आणि बोलणाऱ्या कितीतरी बहिऱ्यांना टोचला. आपल्याकडे इंग्रजी बोलणाऱ्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कार्यकर्त्याला 'दलित ब्राह्मण' म्हणून हिणवतात, त्यातलाच हा प्रकार. सवलत मागायला गेला तर 'तुला कशाला', चळवळीत आला तर 'तू आमचा कसला'!

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. दोन्ही भाषा येतात म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालवाव्यात असे नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नार्थक खूण वाक्याच्या शेवटी येते; भुवया, डोळे, मानेची हालचाल हे सारे व्याकरणाचेच भाग. तोंडाने मराठी बोलत हातांनी खुणा करू लागले की खुणांची मोडतोड होऊन मराठीच्या रांगेत उभ्या राहतात. शिक्षकाला वाटते आपण दोन्ही दिले, मुलाच्या पदरी अर्धेमुर्धे पडते. म्हणून जाणती माणसे समोर कोण आहे हे पाहून भाषा बदलतात. आपण कचेरीत एक आणि वस्तीत एक बोलतो, तसेच.

कागदावर बरेच काही झाले आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले, २०१८ साली ३००० शब्दांचा कोश आला, तो पुढे १०,००० पर्यंत वाढला. २०१६ च्या कायद्याने सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बहिऱ्या वकील दुभाष्यामार्फत सर्वोच्च न्यायालयापुढे उभ्या राहिल्या. पण आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत या भाषेला जागा नाही. जागा नाही, पण गोड नाव मात्र मिळाले: 'दिव्यांग'! 'हरिजन' नाव नाकारणाऱ्या समाजाने या गोडव्याची चव आधीच घेतलेली आहे.

आता सरकारला विचारण्याआधी आपल्याच मंडपात पाहू. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. लाखोंच्या गर्दीत आपले बहिरे बांधव येतात, वंदन करतात, पुस्तके घेतात. भाषण सुरू झाले की मंचाकडे बघत बसतात. ध्वनिक्षेपकावर खर्च करणाऱ्या मंडळांनी दुभाष्याचाही खर्च धरावा. दुभाषी दोन लागतात, कारण वीस-पंचवीस मिनिटांत हात आणि डोके दोन्ही शिणतात, मग दुसऱ्याने धुरा घ्यायची. त्यांना वक्त्याच्या शेजारी उभे करावे, तोंडावर उजेड हवा, मागे रंगीबेरंगी फलक नको. भाषणाची प्रत आदल्या दिवशी द्यावी. बहिऱ्या बांधवांची बैठक समोर, जवळ. आणि प्रश्न विचारायची वेळ आली की माईक त्यांच्याकडेही न्यावा. ज्याला बोलायचे तो त्याच्या आवाजात बोलेल, ज्याला खुणांनी सांगायचे त्याचे म्हणणे दुभाषी सभेला ऐकवील.