पितळी पत्र्यावर कोरलेले नाव : हातांनी घडविलेली कीचेन



नाताळ, वाढदिवस किंवा घरातील मुलगा-मुलगी शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला निघण्याचा दिवस आला की भेट काय द्यावी, हा प्रश्न उभा राहतो. बाजारातील प्लास्टिकची कीचेन स्वस्त असते आणि वर्षभरात तुटते. त्याऐवजी पितळी पत्र्याच्या छोट्या तुकड्यावर नाव उमटवून ती घरीच करता येते. खर्च अल्प आहे, परंतु सवड आणि संयम दोन्ही लागतात. भंडारा जिल्ह्यातील आपल्या वाचकांना तर या धातूची ओळख करून देण्याचीही आवश्यकता नाही.

भंडाऱ्याला 'पितळनगरी' म्हणतात. छत्तीसगडमधील रतनपूर येथे सापडलेल्या सुमारे इ. स. ११०० च्या शिलालेखात या गावाचा उल्लेख 'भाणारा' असा येतो, आणि भांड्यांवरूनच हे नाव पडले असे लोक सांगत आले आहेत. ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पितळी भांड्यांच्या व्यवसायाने या नगरीला लौकिक मिळवून दिला, यात शंका नाही. पुढे स्टेनलेस स्टील आले. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावावी लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतात. स्टीलला ती कटकट नाही. कल्हईवाल्याची हाक गल्लीतून ऐकू येईनाशी झाली आणि ठोक्याच्या भांड्यांची मागणी घटत गेली. कारागिरांची मुले अन्य व्यवसायांकडे वळली, यासाठी त्यांना दोष देता येणार नाही. तथापि जुन्या बाजारात अद्याप पितळी भांडी घडविणारा वा दुरुस्त करणारा कोणी असेल, तर पत्र्याचा तुकडा त्याच्याकडूनच घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पत्रा वजनावर मिळेल, आणि हातोडी कशी धरावी हे तो जे दाखवील ते कोणत्याही लेखात सापडणार नाही.

धातूवर नाव घालण्याची रीत आपल्या घरांत जुनीच आहे. लग्नात आलेली ताटे, तांबे, डबे काढून पाहा. त्यांच्यावर टिंबाटिंबांनी काढलेली अक्षरे दिसतील : 'यांजकडून सप्रेम भेट'. पूर्वी दुकानदार पोलादी टोकाने एकेक ठिपका ठोकून ती काढीत असे. आता ते काम विजेच्या यंत्रावर होते. गंमत अशी, की त्या भांड्यावर बहुधा देणाऱ्याचे नाव मोठे असते. आपल्या भेटीवर मात्र ती ज्याला द्यायची त्याचेच नाव असावे.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. पत्र्याच्या पितळेत साधारणतः दोन भाग तांबे व एक भाग जस्त असते. तो लोखंडाहून मऊ असल्याने त्यावर अक्षर सहज उमटते. १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.२ मिलीमीटर जाडीचा पत्रा घ्यावा. याहून पातळ पत्रा ठोकताना वाकतो व जाड पत्रा कापताना हात दुखतात. ५० मिलीमीटर लांब व २५ मिलीमीटर रुंद तुकड्याचे वजन जेमतेम १३ ग्रॅम भरते, खिशाला ते जड नाही. तुकडा पत्र्याच्या कात्रीने वा करवतीने कापावा, कोपरे कानशीने गोल करावेत आणि कडेवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला टोचले, तर कानस आणखी चालवावी.

कडीसाठीचे छिद्र नाव घालण्यापूर्वीच पाडावे, म्हणजे येथे चूक झाली तर नावाची मेहनत वाया जात नाही. कडेपासून छिद्रापर्यंत किमान ३ मिलीमीटर धातू शिल्लक राहू द्यावा. ड्रिल चालविताना तुकडा हातात कधीही धरू नये. ड्रिलचे पाते अडकले की पत्रा गर्रकन फिरतो आणि बोटे कापतो. तो लाकडी फळीवर शिकंज्यात घट्ट आवळावा. डोळ्यांना चष्मा हवाच.

इंग्रजी अक्षरे हवी असल्यास हार्डवेअरच्या दुकानात पोलादी अक्षर-पंचांचा संच मिळतो. पत्रा लोखंडाच्या सपाट, जड ठोकळ्यावर ठेवावा, पंच सरळ उभा धरावा आणि एकच ठाम ठोका द्यावा. दोन-तीन हलके ठोके दिल्यास पंच सरकतो व अक्षराला सावली पडते. पाच अक्षरांचे नाव असेल तर आधी तिसरे अक्षर मधोमध उमटवून मग दोन्ही बाजूंना जावे; डावीकडून सुरुवात केली की शेवटचे अक्षर हटकून कडेवर जाते.

देवनागरीसाठी मात्र असे तयार संच सहसा मिळत नाहीत, आणि काना-मात्रा व जोडाक्षरे पाहता त्याचे नवल नाही. येथे भांड्यांवरची जुनी टिंबांची रीतच उपयोगी पडते. पातळ कागदावर नाव ठळक लिहावे, तो कागद गोंदाने पत्र्यावर चिकटवावा आणि सेंटर पंचने रेघेवरून ठिपके देत जावे. दोन ठिपक्यांत सुमारे १ मिलीमीटर अंतर पुरे. प्रथम शिरोरेघ पूर्ण करावी, म्हणजे अक्षरे एका ओळीत टांगली जातात. अक्षराची उंची ८ मिलीमीटरच्या आसपास ठेवावी; वर वेलांटीला व खाली उकाराला जागा लागते हे विसरू नये. सर्व ठिपके सारख्या जोराने पडणे हेच खरे कौशल्य. त्यासाठी आधी टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन वेळा सराव करावा.

ठोकून झाल्यावर पत्रा किंचित वाकलेला दिसेल. ठोक्यांमुळे वरच्या बाजूचा धातू पसरतो, म्हणून असे होते. तुकडा लाकडावर पालथा ठेवून लाकडी मोगरीने हळुवार सपाट करावा. कागद पाण्याने निघतो. मग अक्षरांत काळा एनॅमल रंग भरून वरचा रंग फडक्याने पुसून घ्यावा. रंग पूर्ण वाळल्यावरच चिंच किंवा लिंबू-मीठ हलकेच लावून धुवावे. त्यांतील आम्ल काळपट थर विरघळविते आणि पितळ पुन्हा सोन्यासारखे दिसते.

दोन सूचना आवर्जून करतो. कीचेनवर केवळ नाव घालावे, पत्ता घालू नये. हरवलेली किल्ली व घराचा पत्ता एकाच्याच हाती लागणे इष्ट नव्हे. दुसरे असे, की काही पितळेत अल्प प्रमाणात शिसे असते. म्हणून कानशीचे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तान्ह्या बाळाच्या हाती ही कीचेन चोखण्यासाठी देऊ नये.

पोलादी कडी शेवटी घालावी. खिशात राहून काळा रंग कालांतराने झिजेल, तो पुन्हा भरता येतो. ठिपके मात्र जागचे हलत नाहीत.