उघड्यावरील संगीतोत्सव आणि परिसराचे आरोग्य

चंदीगडच्या सेक्टर 16 मधील झाकिर हुसेन गुलाबउद्यान 1967 साली डॉ. महिंदरसिंग रंधावा यांच्या मार्गदर्शनाखाली उभारण्यात आले. तेथे दरवर्षी भरणाऱ्या गुलाबोत्सवात फुलांच्या जोडीला गायन-वादनाचेही कार्यक्रम होतात. अशा ठिकाणी हजारो माणसे जमली, की घटकाभरासाठी एक गावच वसते. या गावास वीज, पाणी व अन्न लागते; आणि ते उठून गेल्यावर मागे काय उरते, याचा विचार शास्त्रीय दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

प्रथम ध्वनी घेऊ. मोकळ्या जागेत एखाद्या लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. एका मोठ्या ध्वनिवर्धकामुळे 100 मीटरवर 80 डेसिबल पातळी मिळत असेल, तर 800 मीटरवर ती 62 राहील. भारतात निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 आणि रुग्णालयांसारख्या शांतता-क्षेत्रासाठी 40 डेसिबल आहे. याउलट, 10 मीटरवर 80 डेसिबल देणारे दहा लहान ध्वनिवर्धक श्रोत्यांमध्ये विखरून ठेवले, तर त्या सर्वांची बेरीज धरूनही 800 मीटरवर पातळी सुमारे 52 च भरते. श्रोत्यांना गाणे तेवढेच ऐकू येते. शेजाऱ्यांचा त्रास मात्र पुष्कळ घटतो.

हिवाळ्यातील निरभ्र रात्री आणखी एक अडचण उद्भवते. जमिनीलगतची हवा थंड व वरची उबदार असते. उबदार हवेत ध्वनीचा वेग अधिक असल्याने वर जाणाऱ्या लहरी वाकून पुन्हा खाली येतात आणि आवाज दूरवर पोहोचतो. म्हणून रंगमंचाचे तोंड वस्तीकडे नसावे.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पं. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केला. पूर्वी त्याच्या बैठकी रात्रभर रंगत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. पुढे वर्षातील जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना मिळाली. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याच्या सुखास रसिक त्यामुळे पारखे झाले. ही हानी खरी आहे. परंतु शेजारच्या रुग्णाची झोपही तितकीच खरी आहे.

आता इंधनाकडे वळू. एक लिटर डिझेल जळले, की सुमारे 2.7 किलो कर्बद्विप्राणिद वायू हवेत मिसळतो. गरजेपेक्षा मोठे जनित्र अल्प भारावर चालवले, तर त्याची कार्यक्षमताही घसरते. तेव्हा शक्य तेथे शहराच्या वीजवाहिनीतूनच जोड घ्यावी. श्रोत्यांनी स्वतंत्र मोटारींऐवजी बसने येणे हाही महत्त्वाचा उपाय होय. कारण मोठ्या उत्सवांच्या कर्बभारात प्रवासाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो.

कचऱ्याच्या बाबतीत आपली पत्रावळ व द्रोण अद्यापि उपयुक्त आहेत. ती सहज कुजतात. ‘कुजणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्लास्टिकना मात्र सुमारे 60 अंश सेल्सिअस तापमानाचा नियंत्रित खतप्रकल्प लागतो. साध्या खड्ड्यात ती दीर्घकाळ तशीच राहतात. भारतात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे यांवर बंदी आली. इंग्लंडमधील ग्लास्टनबरी उत्सवात 2019 साली एकदाच वापरण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांतून पेयविक्री बंद करण्यात आली. अनामत घेऊन धातूचे पेले देणे व पाण्याच्या टाक्या ठेवणे हा मार्ग आपल्याकडेही सुकर आहे.

जमिनीचेही भान हवे. पावलांखाली मातीतील पोकळ्या दबतात, पाणी मुरत नाही आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. ग्लास्टनबरीचे शेत म्हणूनच काही वर्षांच्या अंतराने एक वर्ष विश्रांतीसाठी मोकळे ठेवतात. 2018 हे असेच वर्ष होते.

चंदीगडला या विषयात एक वडीलधारा आदर्शही लाभला आहे. रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या व चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे वेचून रॉक गार्डन घडविले. 1976 साली ते लोकांसाठी खुले झाले. टाकाऊ वस्तूंचे सौंदर्य त्यांनी दाखविले. वस्तू मुळात टाकाऊच होऊ न देणे, हे उत्सव भरविणाऱ्यांचे व त्यांत रमणाऱ्यांचे कर्तव्य होय.