पावतीपुस्तकातले माजी विद्यार्थी

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयात ‘नॅकची समिती येणार’ असं कळलं, की दोन गोष्टी हमखास घडतात. भिंतींना रंग लागतो आणि माजी विद्यार्थ्यांची आठवण येते. रंगाचं कारण सांगायला नको. माजी विद्यार्थ्यांचं कारण नियमपुस्तिकेत आहे. बंगळूरूच्या नॅकनं, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेनं, २०१७ साली मूल्यांकनाची जी सुधारित पद्धत आणली, तिच्यात सात निकष आहेत. पाचवा निकष विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा आणि त्यांच्या प्रगतीचा. त्याच्या शेवटी विचारलेलं असतं : माजी विद्यार्थ्यांचं मंडळ नोंदणीकृत आहे का, आणि त्यांनी संस्थेला काय दिलं? संलग्न महाविद्यालयांसाठी रकमेची उतरंडही ठरवून दिली होती. वरची पायरी पाच लाखांची, खालची एक लाखाच्या आतली.

त्याच पुस्तिकेत तिसरा निकष आहे संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्याचा. महाविद्यालयानं खेड्यात जाऊन काय केलं, ते तिथं मोजतात. निकष वेगळे, त्यामुळे समन्वयक प्राध्यापक वेगळे आणि फायलीही वेगळ्या. माजी विद्यार्थ्यांचा पैसा पाचव्या फायलीत, खेड्यातलं काम तिसऱ्या फायलीत. एकाच कपाटात शेजारीशेजारी असूनही या दोन फायलींची गाठ क्वचितच पडते. बीडसारख्या जिल्ह्यात ती पडायला हवी होती, असं मला वाटतं.

आधी माजी विद्यार्थ्यांचं मंडळ कसं जन्माला येतं ते पाहू. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. घटना लिहायची, उद्दिष्टं लिहायची, मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणून नोंद करायची. अध्यक्ष बहुधा गावातला वकील किंवा डॉक्टर असतो. सचिव मात्र त्याच महाविद्यालयात शिकून तिथंच लागलेला प्राध्यापक, कारण कागद सांभाळायला माणूस आवारातलाच लागतो. पहिल्या वर्षी उत्साह दांडगा असतो. नंतर कोणाची बदली होते, कोणी छत्रपती संभाजीनगरला घर बांधतं, कोणी निवृत्त होतं. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो, तो राहून जातो. बँकेत सहीचे अधिकार जुन्याच माणसांकडे राहतात. खात्यावर पैसे असतात, पण काढता येत नाहीत. समितीची तारीख जवळ आली की मग धावपळ.

धावपळीचं दृश्यरूप म्हणजे मेळावा. तो डिसेंबर-जानेवारीत, बहुधा रविवारी. मंडपाच्या दाराशी टेबल, टेबलावर पावतीपुस्तक, स्टेपलर आणि हल्ली क्यूआर कोडचा कागद. येणाऱ्याला फेटा बांधायला एक जण उभा असतो. फेटा बांधून झाला की माणूस आपसूक टेबलाकडे वळतो, ही योजना कोणाच्या डोक्यातून निघाली माहीत नाही, पण नामी आहे. व्यासपीठावर निवृत्त गुरुजनांचा सत्कार, शाल, श्रीफळ, अलीकडे रोप. मग मनोगतं. पुण्याहून आलेला अभियंता, मंत्रालयातला अधिकारी, चाकणच्या कारखान्यातला सुपरवायझर, सगळ्यांच्या बोलण्यात गावचा एसटी स्टँड, मेसचा डबा आणि एखादे कडक सर येतातच. जेवणाच्या पंगतीत खरी बोलणी होतात : कोणाच्या पोराला कुठं लावायचं, कोणाची बहीण कुठं दिली. संध्याकाळपर्यंत जमलेल्या रकमेतून मंडप, जेवण आणि फेटे वजा जाता जे उरतं, त्यातून वॉटर कूलर येतो. त्यावर अमुक बॅचकडून सप्रेम भेट अशी अक्षरं. पोरांना उन्हाळ्यात थंड पाणी मिळतं, ते वाईट नाही. पण विद्यापीठाचं शिक्षण आवाराबाहेर नेण्याच्या कामाला त्यातला रुपया लागत नाही.

हे बाहेरचं काम काय असतं? महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. १९६९ पासून चालत आलेली राष्ट्रीय सेवा योजना आहे : दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री देवळाच्या ओट्यावर पथनाट्य. सरकारी निधी दरडोई ठरलेला. सात दिवस पन्नास पोरांना दोन वेळ जेवू घालताना कार्यक्रमाधिकाऱ्याचं गणित कसं बसतं, ते त्यालाच विचारावं. बहुतेक वेळा गावच धान्य देतं आणि गावातल्या बायाच भाकरी थापतात. शिकवायला गेलेल्यांना गाव पोसतं, हे मला या योजनेतलं सगळ्यात खरं शिक्षण वाटतं.

बीडच्या शिक्षणाचा पाया असाच वर्गणीवर आहे. निजामाच्या राज्यात हा जिल्हा असताना विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ साली निघालेलं, उर्दू माध्यमाचं. मराठीतून शिकायचं तर खासगी शाळा काढायची. तिला परवानगीचा जाच, आणि पैसा लोकांचा. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, अशा शाळेत १९३५ च्या सुमारास मुख्याध्यापक म्हणून एक संन्यासी आले : स्वामी रामानंद तीर्थ. त्याआधी ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत होते. १९३८ साली ते शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं विद्यार्थ्यांना काढून टाकलं, आणि नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी दार उघडलं. परक्या राज्यातल्या विद्यापीठानं केलेलं हे विस्तारकार्य कुठल्याच निकषात बसणार नाही. पुढं १९९४ साली नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव मिळालं. ज्या अंबाजोगाईत त्यांनी शाळा चालवली ते गाव मात्र त्या विद्यापीठाच्या हद्दीत नाही.

ते राहिलं औरंगाबादच्या विद्यापीठाकडं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. या विद्यापीठाच्या शेजारीच, नागसेनवनात, बाबासाहेबांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय आहे. बीडमधून वळकटी घेऊन तिथं गेलेल्या पोरांच्या पिढ्या आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी कमाईचा विसावा हिस्सा धम्माच्या कामाला द्यायला सांगितलं होतं. आजही बँकेत, रेल्वेत, शाळेत नोकरीला लागलेला माणूस गावाकडच्या पोराची फी भरतो, अभ्यासिकेला पुस्तकं देतो, तेव्हा हा हिस्सा त्याच्या मनात असतो. त्याची पावती नाही, फलक नाही, म्हणून पाचव्या फायलीत तो शून्य. माजी विद्यार्थी पैसे देत नाहीत, असं जे प्राचार्य खासगीत म्हणतात, त्यांनी हे एकदा पाहावं. देतात. माणसाला देतात, संस्थेला देत नाहीत.

संस्थेला का देत नाहीत, याचीही कारणं आहेत. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयं निघाली आणि प्रवेशासाठी पैसे मोजायची रीत पडली. ती रोखायला १९८७ साली कायदा करावा लागला. ज्याच्या बापानं डी.एड.च्या प्रवेशासाठी किंवा भावाच्या नोकरीसाठी जमीन विकली, तो शिक्षणसंस्थेच्या पावतीपुस्तकाकडे निर्मळ नजरेनं कसा बघेल? संस्थाचालक राजकारणात, मेळाव्याचा प्रमुख पाहुणा राजकारणात, आणि निवडणूक वर्षभरावर. विद्यापीठाचंही तेच. माजी विद्यार्थ्यांशी सगळ्यात जोमदार संपर्क केव्हा होतो, तर अधिसभेच्या पदवीधर गटाच्या दहा जागांची निवडणूक असते तेव्हा. तेव्हा पदवी प्रमाणपत्राची प्रत मागायला घरी माणूस येतो.

त्यात कायद्याचा गुंता. मंडळाला ८०जी असेल तरच देणगीदाराला आयकरात सवलत, आणि ती जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत गेलेल्या नोकरदाराला तिचा उपयोग नाही. रोख दोन हजारांच्या वर दिले तर जुन्या पद्धतीतही नाही. ज्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्याचा पैसा परदेशी अंशदान ठरतो, आणि त्यासाठी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. भारतीय पासपोर्ट ठेवलेल्याला ही अडचण नाही. धारूरच्या किंवा आष्टीच्या मंडळाच्या सचिवानं हे सगळं सांभाळावं, तेही तासिका घेऊन झाल्यावर, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

दुसऱ्या टोकाला, सरकारी विद्यापीठ आणि माजी विद्यार्थी यांचं नातं कुठवर जाऊ शकतं, हे मुंबईच्या माटुंग्यात दिसतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली यूडीसीटी, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी रासायनिक उद्योग उभे केले. २०२५ च्या जूनमध्ये मुकेश अंबानींनी आपले गुरू प्रा. म. मो. शर्मा यांच्या सांगण्यावरून संस्थेला १५१ कोटी रुपये विनाअट द्यायचं जाहीर केलं. पवईच्या आयआयटीत १९९८ च्या बॅचनं रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी दिले होते. माटुंग्याच्या संस्थेचा मराठवाडा परिसर आपल्या शेजारी जालन्यात आहे. पण ही उदाहरणं बीडच्या मेळाव्यात सांगून काही होत नाही. तिथं पदवी घेतलेला कारखाना काढतो. इथं पदवी घेतलेला आधी घरावर पत्रे टाकतो, मग बहिणीचं लग्न करतो, मग भावाला स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला ठेवतो.

शिवाय इथली गरजही निराळी. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांचे ट्रक आणि ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि फडाजवळ उभ्या केलेल्या कोप्या. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम तिथंच. शाळकरी पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक नागरगोजे यांनी उभी केलेली ‘शांतिवन’सारखी संस्था आहे, तिला पुण्या-मुंबईची माणसं हात देतात. महाविद्यालयात नाव घातलेल्या पण फडावर गेलेल्या पोराची अडचण मात्र वेगळी. हजेरीपटावर तो गैरहजर, आणि हिवाळी परीक्षेच्या अर्जाची तारीख येते तेव्हा तो दोन-तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधतोय. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. हजार रुपये वर्गणी म्हणजे पावणेतीन टन ऊस तोडायचा. विस्तारकार्य दत्तक गावात जातं, पण त्या महिन्यांत निम्मं गाव गावातच नसतं, राहतात म्हातारी माणसं. शिबिराचा अहवाल तरीही छान होतो.

मंडळाकडं मागायचं काय, तर पाच लाख नव्हे. विलंब शुल्कासह परीक्षेचे अर्ज भरायला लहानसा कायमचा निधी, ज्याचं व्याज दरसाल त्याच कामाला लागेल, एवढं पन्नास जणांच्या एका बॅचच्या आवाक्यात आहे. आणि पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे पत्ता. बीडची शिकलेली पोरं आज कुठं आहेत? बारामतीत, सांगलीत, कोल्हापुरात. शिक्षक म्हणून, बँकेत, काही तर साखर कारखान्यातच केमिस्ट किंवा शेतकी विभागात. जिथं कोयते जातात तिथंच माजी विद्यार्थी बसलेत. त्यांच्यातला एक जण रविवारी फडावर गेला, नोट्स पोचवल्या, मोबाइलवरून अर्ज भरून दिला, परीक्षेच्या चार दिवसांसाठी पोराला घरी झोपायला जागा दिली, तर ते विद्यापीठाचंच काम आहे. टोळी कुठं उतरली हे शोधत हिंडायचीही गरज नाही. कुठली टोळी आज कुणाच्या फडात आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागातल्या, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिपबॉयला रोज सकाळी माहीत असतं, आणि मुकादमाचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये असतो.