परतीच्या लढतीत कोण जिंकेल?



हरलेला मुक्केबाज त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर पुन्हा उतरतो, तेव्हा अंदाज कसा बांधावा? आधी पहिली लढत का गेली ते पाहावे.

१९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कला जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने जो लुईला १२व्या फेरीत लोळवले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा तो हात खाली येई आणि हनुवटी उघडी पडे. श्मेलिंगने ही खोड लुईच्या लढतींच्या फिल्म पाहून हेरली होती. त्याचा उजवा ठोसा नेमका तिथेच बसत राहिला.

दुसऱ्या वेळी हे गुपित उरले नव्हते. श्मेलिंग ३२ वर्षांचा, लुई २४चा आणि १९३७ पासून विश्वविजेता. श्मेलिंग थांबून, संधी पाहून उलट वार करणारा. म्हणून त्याला थांबायला वेळच द्यायचा नाही, हा लुईचा डाव. (आमची दहावीची मुले तपासलेली उत्तरपत्रिका अशी पाहतील तर!) २२ जून १९३८ला घंटा होताच लुई तुटून पडला. २ मिनिटे ४ सेकंदांत लढत आटोपली.

मात्र खोड सुधारता येते, ताकदीतला फरक नाही. १९६२मध्ये सोनी लिस्टनकडून पहिल्याच फेरीत हरलेला फ्लॉइड पॅटरसन १९६३लाही पहिल्याच फेरीत हरला.