हमबकर बदलताय? आधी ही गंमत वाचा

इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्पला जोडली की येणारी ‘घूं’ चक्क सुरात असते! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पुण्यामुंबईची घूं खर्जातल्या ‘जी’ला जवळजवळ चिकटलेली. अमेरिकेत 60 हर्ट्झ. तिथली घूं ‘बी फ्लॅट’ आणि ‘बी’च्या मधे लोंबकळते, धड इकडे ना तिकडे.

ती मारायला गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी बसवून ‘हमबकर’ पिकअप बनवला. वेढे उलट, चुंबकाचे ध्रुवही उलट. तारांचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची घूं मात्र आपसात कटते. पेटंटचा अर्ज 1955चा, मंजुरी 1959ची. त्या काळात पिकअपच्या पोटाला ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केलाय) अशी चिठ्ठी डकवलेली असे. तेच आजचे सोन्याच्या भावाचे ‘पीएएफ’! पुढे चिठ्ठीवर नंबर आला, तोही भलताच: लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा. चूक, की नकलाकारांना चकवा? गिटारवाले अजून भांडतायत.

पिकअप बाजारातून आणून बदलायची चटक लावली डिमार्झिओ कंपनीच्या ‘सुपर डिस्टॉर्शन’ पिकअपने, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तर गिब्सनचा जुना पिकअप मेणात बुडवला (कॉइल सैल असली की मोठ्या आवाजात ती किंचाळते) आणि स्ट्रॅटछाप गिटारीत तिरका ठोकला. तिरका का? गिब्सनच्या पिकअपचे खिळे फेंडर पद्धतीच्या ब्रिजवरच्या तारांखाली नीट येत नाहीत म्हणून. आज त्यासाठी ‘एफ स्पेसिंग’ मिळतं, तेव्हा ऑर्डरआधी पट्टी लावा.

आता ‘किती के?’ हा लाडका प्रश्न. 16 किलोओहमचा पिकअप 8च्या दुप्पट गरजतो, हा निव्वळ भ्रम. तार बारीक घेतली की ओहम आपोआप चढतात. चुंबक अल्निको की सिरॅमिक, वेढे किती, हे त्या आकड्यात दिसतच नाही. माझं ऐकाल तर आकडा सोडा, चार वायरींचा पिकअप घ्या. त्यात एक कॉइल बंद करून सिंगल कॉइलची चमक मिळते. घूं परत येते, तेवढं सोसायचं.

आणि पैसे मोजण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. आहे तोच पिकअप तारांपासून मिलिमीटरभर खाली करा, चिखल झालेला आवाज बऱ्याचदा तिथेच सुटा होतो. खर्च शून्य!