घशातील उबळ आणि मेंदूच्या दोन तंत्रिका

दात घासताना ब्रश जिभेच्या मुळाशी गेला की ओकारीची उबळ येते. नको ती वस्तू घशात उतरू नये, यासाठी शरीराने योजलेली ही प्रतिक्षेपी क्रिया आहे. मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या १२ जोड्यांपैकी दोन जोड्या ती प्रामुख्याने घडवून आणतात.

नववी, म्हणजे जिव्हाग्रसनी तंत्रिका घशाला झालेला स्पर्श लंबमज्जेपर्यंत पोहोचवते. लंबमज्जा हा मेंदूचा सर्वांत खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग होय. तेथून निघालेला आदेश मुख्यतः दहाव्या, म्हणजे व्हेगस तंत्रिकेवाटे परत येतो. मृदू तालू वर उचलला जातो आणि घशाचे स्नायू आवळले जातात. स्पर्श एकाच बाजूला झाला, तरी स्नायू दोन्ही बाजूंचे आकुंचन पावतात.

निदानासाठी डॉक्टरांना नेमका याचाच उपयोग होतो. उजवीकडील स्पर्शाने काहीच घडले नाही, पण डावीकडील स्पर्शाने तालूच्या दोन्ही बाजू उचलल्या गेल्या, तर दोष उजव्या नवव्या तंत्रिकेत असण्याची शक्यता असते. स्पर्श कोठेही केला तरी तालूची उजवी बाजू हलत नसेल आणि पडजीभ डावीकडे ओढली जात असेल, तर संशय उजव्या दहाव्या तंत्रिकेवर जातो.

पक्षाघाताच्या रुग्णाला उबळ येते, म्हणजे त्याला खाऊ घालण्यास हरकत नाही, हा समज मात्र धोकादायक आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४० निरोगी व्यक्तींपैकी ३७ टक्के व्यक्तींमध्ये ही उबळ आढळलीच नव्हती. उलट, उबळ शाबूत असूनही अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. कारण गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाणे आणि त्याचे तोंड मिटणे, ही क्रियाच वेगळी आहे. त्यातच स्वरयंत्राकडे जाणाऱ्या व्हेगसच्या शाखेची संवेदना मंदावली असेल, तर साधा ठसकाही लागत नाही. शुश्रूषा करणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि पुढे न्यूमोनिया झाल्यावरच हा प्रकार उघडकीस येतो.

त्यामुळे पक्षाघातानंतर गिळण्याची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत रुग्णाला तोंडावाटे अन्न, पाणी किंवा गोळी देऊ नये, असा वैद्यकीय संकेत आहे. नातेवाइकांनी मायेने पुढे केलेला चहाचा घोटही त्यात आला. या तपासणीत प्रशिक्षित कर्मचारी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ताठ बसवून थोडे थोडे पाणी पाजतात आणि ठसका लागतो का, श्वास अडखळतो का, आवाज घोगरा किंवा ओलसर होतो का, हे पाहतात. शंका राहिल्यास क्ष-किरण चित्रणाच्या किंवा नाकावाटे घातलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने गिळण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहिली जाते.